‘नक्की का?’ असे विचारणारा नंबर

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात आला की आमच्यात सहसा उसाचा दर आणि राजकारण यांवरच वाद रंगतो; परवा मात्र तो इंटरनेटवरून रंगला. वकिलांचे म्हणणे असे की, ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला, तेव्हा प्रशासनाने इंटरनेट बंद केले ते योग्यच केले. मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या अण्णांना हे मुळीच मान्य नव्हते. “त्या दिवशी दुसऱ्या पेठेत काय घडले, हे तुम्हाला कसे कळले?” असे त्यांनी विचारले. “फोनवरून आणि शेजाऱ्यांकडून,” वकील उत्तरले. “म्हणजे अफवा तोंडोतोंडी फिरतच होती,” अण्णा म्हणाले, “बंद पडले ते ती ताडून पाहण्याचे साधन.” यावर वकिलांनी प्रांजळपणे आपल्याच विरोधातला मुद्दा सांगितला: १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरमधील इंटरनेटबंदीविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही, असे बजावले आहे.

मास्तरांची मुलगी विद्यापीठात पत्रकारिता शिकते. तिने केनियाचा दाखला दिला. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तेथे एक हजाराहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे सहा लाख लोक बेघर झाले आणि सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. अशा वेळी, जानेवारी २००८ मध्ये, काही तरुणांनी ‘उशाहिदी’ नावाचा नकाशा उभा केला. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष. कोठे काय घडले, हे नागरिकांनी एसएमएसने किंवा वेबवरून कळवायचे आणि ते नकाशावर नोंदवले जायचे.

मास्तरांनी मात्र लेकीचाही मुलाहिजा ठेवला नाही. घडून गेलेल्या गोष्टीची नोंद म्हणजे शांतता नव्हे, हा त्यांचा पहिला आक्षेप होता; दुसरा मला अधिक गंभीर वाटला. भेदरलेली कुटुंबे कोणत्या शाळेत आश्रयाला आहेत, हे सर्वांना दिसणाऱ्या नकाशावर मांडले, तर मदत घेऊन येणारा ते वाचतो तसा हल्ला करायला निघालेलाही वाचतो. १९९४ मध्ये रवांडात एका रेडिओ केंद्रावरून माणसांची नावे आणि ठिकाणे सांगितली जात होती आणि ऐकणारे त्यांना शोधून मारत होते, याची आठवण त्यांनी करून दिली. त्यानंतर कट्ट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

मुलीने ते मान्य केले आणि मग केनियातल्याच ताना नदीच्या खोऱ्याची गोष्ट सांगितली, जी मला त्या संध्याकाळची सर्वांत मोलाची वाटते. तेथे पोकोमो शेतकरी आणि ओर्मा पशुपालक यांच्यात २०१२-१३ मध्ये भीषण रक्तपात झाला होता. पुढे तेथे ‘उना हकिका’ हा उपक्रम सुरू झाला. त्याचा अर्थच ‘तुला खात्री आहे का?’ असा होतो. कानावर आलेली अफवा साध्या फोनवरून एसएमएसने कळवायची, गावातल्या ओळखीच्या स्वयंसेवकांनी ती तपासायची आणि खरे काय ते लोकांना उलट कळवायचे. सारी मदार जागेवर जाऊन पाहणाऱ्या माणसावर होती.

हे ऐकताच अण्णा सावरून बसले. “पुरात आपण हेच करतो की!” ते म्हणाले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे येथील शेंबड्या पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा अण्णांच्या ग्रुपवर आकडा आला की पाठोपाठ प्रश्न यायचा: किती वाजताचा, आणि कोणी पाहिला? जुना फोटो कोणी टाकलाच, तर मागची पाटी पाहून दुसरा कोणी त्याला तेथेच गप्प करायचा. मग दंगलीच्या अफवेबद्दलही विचारता येईल असा एक नंबर आपण का ठेवू नये, असे अण्णांनी सुचवले.

“पुराच्या खोट्या आकड्याने कोणाचे भले होत नाही,” वकील म्हणाले, “दंगलीच्या खोट्या बातमीने होते. ती ज्यांना हवीच असते, ते तुमच्या नंबरवर विचारायला कशाला येतील?” याला पुरे पडेल असे उत्तर आमच्याकडे नव्हते. मला एवढेच सुचले की अफवा पसरवणारा येणार नाही, पण घाबरलेला येईल, आणि जमाव बहुतांशी घाबरलेल्यांचाच बनतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले गेले. ती माणसे मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागायला आलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्याने अफवेचा वेग कमी झाला असेल, पण ‘हे लोक कोण आहेत?’ या प्रश्नाला त्या गावात उत्तर देणारे कोणी त्याने निर्माण होत नाही.

आपल्याकडे तालमी आहेत, असे मास्तर म्हणाले. ज्या पेठांमधल्या तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, तेथे एकमेकांच्या दारात रात्री-अपरात्री जाऊ शकणारी माणसे आजही आहेत. “आणि बातमी खरीच निघाली तर?” वकिलांनी विचारले. मुलगी म्हणाली की खरी असली तरी सांगायचीच, परंतु जखमींचे फोटो आणि कोणाची जात-धर्म न सांगता. कोणता रस्ता टाळावा आणि मदत कोठे मिळेल, हे मात्र आधी सांगायचे.

अण्णांनी दुकानातली पावतीवही आणली आणि पाठकोऱ्या कागदावर आम्ही एकेका पेठेपुढे एकेक नाव व नंबर लिहू लागलो. तीन पेठा झाल्या. चौथ्या वस्तीपाशी अण्णांचे पेन थांबले, कारण आमच्यापैकी कोणाचीही तेथे फोन करण्याइतकी ओळख नव्हती, आणि ती वस्ती या कट्ट्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. उद्या संध्याकाळी दूध पिण्याआधी तेथे जायचे ठरले आहे. वकीलही येणार आहेत.