अहो, आधी विचारा तरी!
वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात परवा पुन्हा ट्रेनिंग. विषय एक्सेल. बसवलं कोणाला? लेथ मशीनवरच्या पोरांना, आणि २२ वर्षं हिशेब सांभाळणाऱ्या आमच्या काकांना! पोरांना मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, धड वाचता येत नाही म्हणून माल परत येतो, ते कोण शिकवणार? ट्रेनिंगवर पुस्तक लिहिणाऱ्या मॅकगी आणि थेयर यांनी १९६१ मध्येच सांगून ठेवलंय, आधी संस्थेची गरज बघा, मग कामाची, मग माणसाची. इथे आधी हॉल ठरतो, मग माणसं गोळा करतात. (आणि मशीनच झिजलेलं असेल तर? तेही शिकवणीनेच सुधारणार वाटतं!) शेवटी फीडबॅकचा कागद. सगळ्यांनी ‘उत्तम’ लिहिलं. सेव-उसळ खरंच झकास होती.