बायकोला विचारून सांगतो

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर संदेश दिला. १६ एप्रिल १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी लिहिलेले पत्र उघड वर्णद्वेष्ट्यांना उद्देशून नव्हते. न्याय हवा, पण जरा धीराने घ्या, असे सुचवणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होते, हे त्यांनी फार चांगले उलगडून सांगितले. मंडळीने भरघोस ‘आमेन’ म्हटले. उपासनेनंतर व्हरांड्यात चहा घेताना एका ज्येष्ठ गृहस्थांनी माझ्या मुलीला आलेल्या स्थळाची चौकशी केली आणि बशीतला चहा फुंकत, अगदी मायेने विचारले, “मुलगा ख्रिस्ती आहे हे ठीक, पण मूळचे कोण?”

बडोद्याच्या ख्रिस्ती माणसाला हा विषय समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी येथे आले, जात लपवून पारशी धर्मशाळेत उतरले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशी मंडळींनी त्यांना तेथून निघून जायला लावले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण कुटुंबातले होते. नवरा मोकळ्या विचारांचा झाला होता, पत्नी मात्र पूर्वीसारखीच सोवळी राहिली होती, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. (त्या बाईंना कोणी खरोखर विचारले होते की नाही, कोण जाणे, त्यांच्या पदराआड उभे राहणे नवऱ्याला सोयीचे मात्र होते.) मुंबईची गाडी रात्री नऊची होती, तोवरचे पाच तास बाबासाहेबांनी कमाटीबागेत काढले.

त्या मित्राने कोणाला शिवी दिली नाही, दार आपटले नाही. आमची मंडळीही कोणाला हाकलत नाही. ती फक्त विचारून सांगते. दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाव्यात ही आमची जुनी आणि रास्त मागणी आहे. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले, आम्ही बाहेरच राहिलो. म्हणजे सरकारपुढे आम्ही सांगतो की बाप्तिस्म्याने जात सुटत नाही, आणि मंडळीच्या सभेत कोणी विषय काढलाच तर बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातले ३:२८ वाचून दाखवतो आणि ख्रिस्तात भेदच उरला नाही, असे सांगून त्याला खाली बसवतो. यांतले एक तरी विधान आम्ही मनापासून करत नाही.

आमच्या वधूवर मेळाव्याच्या फॉर्ममध्ये ‘मूळ समाज’ असा एक रकाना आहे. गेल्या वर्षी मुलीचा फॉर्म भरताना तो रकाना मी कोणी न सांगता, सुवाच्य अक्षरात भरला होता. तो काढून टाकावा असा अर्ज मी या आठवड्यात पंचमंडळाकडे दिला आहे. पुढच्या बैठकीत विचार करून कळवू, असे उत्तर आले आहे.