चाक घसरलं की स्पीडोमीटर खोटं बोलतो

नांगरताना ट्रॅक्टरचं चाक जागेवरच घसरतं, त्यामुळे चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ट्रॅक्टरचा खरा वेग अल्ट्रासॉनिक सेन्सरने, म्हणजे कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने, मोजण्यावरच्या लेखातलं हे म्हणणं अगदी पटलं. पण ‘अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला की प्रश्न मिटला’ हे जरा घाईचं वाटतं.

40 किलोहर्ट्झचा सेन्सर जमिनीकडे 45 अंशांत तिरका लावला, तर ताशी 36 किमी वेगाला परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता सुमारे 1650 हर्ट्झने बदलते. एवढा फरक सहज मोजता येतो. खरी गोम हवेत आहे. ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण 0.6 मीटरने वाढतो. म्हणजे 20 अंशांना जुळवलेलं यंत्र 40 अंशांत तीन टक्क्यांहून जास्त चुकणार. तापमानाचा सेन्सर जोडीला हवाच, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही!

शिवाय ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं. सेन्सरचा कोन एका अंशाने हलला तरी मोजलेल्या वेगात पावणेदोन टक्के फरक. यावर जुनी युक्ती म्हणजे एक सेन्सर पुढे, एक मागे रोखायचा आणि सरासरी घ्यायची. झुकावाची चूक बरीचशी आपसांत कटते. वाऱ्याचं आणि चिखलाने माखलेल्या सेन्सरचं मात्र काय करायचं? मी तरी ध्वनीऐवजी रेडिओ लहरींवर चालणारं रडारच निवडेन.