पट्टीवरचा डोंगर आणि काकूंचं स्तोत्र

काकू, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सुनेच्या एनएसटीच्या (पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मशीनने कागदी पट्टीवर नोंदवायची तपासणी) वेळी तुम्ही मोबाइलवर स्तोत्र लावलंत, बाळाचे ठोके १४० वरून १६० वर गेले, आणि तरी मी 'गर्भसंस्काराचा पुरावा नाही' असं लिहिते, म्हणून तुम्ही चिडलात. ठोके वाढले असणारच. पण का वाढले, यावर आपलं जुळत नाही.

लेबर रूममध्ये माझी निम्मी ड्यूटी या मशीनपाशी जाते. पोटाला दोन पट्टे, बाई डाव्या कुशीवर, हातात बटण. बाळ हललं की दाबायचं. ३२ आठवड्यांनंतर ठोके निदान १५ने वाढून १५ सेकंद टिकले की तो एक डोंगर (हा आमचा वॉर्डातला शब्द). २० मिनिटांत असे दोन दिसले की आमचा जीव भांड्यात पडतो. त्या घडीला बाळाला ऑक्सिजन पुरतोय, एवढं त्यातून कळतं. आवडनिवड नाही कळत. बाळ झोपलेलं असलं तर रेघ ४० मिनिटंही सपाट राहते. मग काही ठिकाणी पोटावर एक यंत्र टेकवून एक-दोन सेकंद आवाज देतात. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांना बोलता यावं म्हणून बनलेलं ते यंत्र. ना मंत्र ना सूर, नुसती घरघर. तरी डोंगर उभा राहतो!

१९२५ साली आल्ब्रेख्त पायपर या जर्मन बालरोगतज्ज्ञाने गरोदर बायांजवळ चक्क मोटारीचा हॉर्न वाजवला होता. पोटातली बाळं दचकली, आणि पुन्हापुन्हा वाजवल्यावर दचकेनाशी झाली. उद्या स्तोत्राला रेघ सपाट आली, तर बाळाला ते नावडलं म्हणाल का?

एक मात्र तुमचं बरोबर. 'बाहेरचं त्याला काय कळणार' हे मी उगाच फटकळपणे लिहिलं. २००३ साली बार्बरा किसिलेव्स्की यांच्या गटाने पूर्ण दिवसांच्या ६० गर्भांवर प्रयोग केला: आईचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवल्यावर ठोके वाढले, परक्या बाईच्या आवाजाला कमी झाले. म्हणजे आईचा आवाज बाळ ओळखतं. तेव्हा स्तोत्र सुनेलाच म्हणू द्या, आणि फोन पोटावर टेकवून मोठ्याने लावू नका. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र गाणी, चॉकलेट, गार पाणी असले प्रयोग घरी न करता थेट दवाखाना गाठा.

ती पट्टी जपून ठेवली असेल तर एक बघा. डोंगर सुरू होतो तिथेच सुनेने बटण दाबल्याची खूण आहे का? असेल, तर बाळ त्याच वेळी हललं होतं, आणि हालचालीबरोबर ठोके वाढतात ते स्तोत्राशिवायही.