वेल्श कॉब शो कॉब वर्गात? खुलासा

‘नावातच कॉब आहे, मग वेल्श कॉब शो कॉब वर्गात उतरवा’ असा सल्ला ब्रिटनमधल्या घोड्यांच्या प्रदर्शनांतल्या स्पर्धावर्गांबद्दल फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे. वेल्श कॉब ही वेल्समधली घोड्यांची जात आहे, पण शो कॉब ही जात नसून बांधा आहे: उंची 155 सेंमीपर्यंत, पाय आखूड, अंग भरीव, आयाळ पूर्ण भादरलेली. नोंदणीकृत वेल्श कॉबचं (वेल्श नोंदवहीतला सेक्शन डी हा विभाग, 137.2 सेंमीहून उंच) खरं घर म्हणजे ‘माउंटन अँड मूरलँड’, म्हणजे ब्रिटनच्या स्थानिक जातींचा वर्ग. तिथे आयाळ आणि पायांवरचे केस नैसर्गिकच हवेत. म्हणून कात्री लावण्याआधी वर्ग ठरवा. भादरलेली आयाळ पुरती वाढेपर्यंत हंगाम हातचा जातो. उंची 137.2 किंवा कमी भरली तर सेक्शन सी. संकर असेल तर पार्ट-ब्रेड वर्ग, पण नोंदणीसाठी किमान 12.5 टक्के वेल्श रक्त लागतं.