बाळाच्या वॉर्मरशेजारी आईची खाट हवी

जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूला, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षाला, नवीन मशीन मिळालं की पेपरात फोटो येतो. मशीन हवंच, त्याबद्दल वाद नाही. वॉर्मर (बाळाला ऊब देणारा पाळणा), सीपॅप (श्वासाला हवेचा दाब देणारं यंत्र), फोटोथेरपी (काविळीसाठीचा प्रकाशोपचार) यांच्या जोरावर बाळं जगलेली मी सिस्टर म्हणून नोकरीभर पाहिली आहेत. पण त्याच कक्षाच्या दाराबाहेर, जिन्याच्या पायऱ्यांवर ओल्या टाक्यांच्या बाळंतिणी बसलेल्या असतात. त्यांच्यासाठी काही मागायचं झालं की फाईल हलत नाही. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांवरचे उपचार सुधारायचे असतील तर सगळ्यात आधी आईला आत घ्या, आणि भेटीपुरतं नको, मुक्कामाला घ्या, असं माझं ठाम मत आहे.

रोज काय घडतं ते बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

समजा तालुक्याच्या दवाखान्यात सातव्या-आठव्या महिन्यात बाळ झालं, वजन सव्वा किलो. तिथून जिल्ह्याला रेफर करतात. अँब्युलन्समध्ये बाळ, बाप आणि आजी. आईचं सिझर झालेलं, ती तिकडेच. बाळ आमच्याकडे पोचतं तेव्हा अनेकदा गार पडलेलं असतं. त्याला दूध हवं, पण दूध पाजणारी पन्नास-साठ किलोमीटरवर. ती तीन-चार दिवसांनी येते. तोवर तिला कोणी दर दोन-तीन तासांनी दूध काढायला सांगितलेलं नसतं, त्यामुळे पान्हा आटत आलेला असतो. मग वरच्या दुधाची चर्चा सुरू होते, आणि एवढ्याशा बाळाच्या आतड्यांना ते किती महागात पडतं हे एसएनसीयूत काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

आणि ती आली तरी तिला बसायला जागा कुठे असते? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला दवाखान्यात मोफत जेवण ठरलेलं आहे, साध्या प्रसूतीला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत. सव्वा किलोचं बाळ तीन-चार आठवडे राहतं. म्हणजे आठव्या दिवशी बाळ पेशंट असतं आणि आई कोणीच नसते. तिचा डिस्चार्ज कागद झालेला, खाट दुसरीला दिलेली. ती व्हरांड्यात चटई टाकते, बाहेरून वडापाव आणून खाते, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहते, आणि दर दोन तासांनी आमच्या दारावर येऊन विचारते, ‘‘सिस्टर, फीडिंगला येऊ का?’’ अशा बाईला दूध येत नाही म्हणून तिची सासू तिलाच बोलते. मला या गोष्टीचा फार राग येतो, आजही येतो.

आईला आत घेणं ही दयेची बाब आहे असं समजू नका. तो उपचार आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर अपुरे पडतात म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आपली कांगारू पद्धत. अनेक वर्षं आपण ती बाळ स्थिर झाल्यावर, तास-दोन तास द्यायची गोष्ट म्हणून वापरली. मग भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा ५ देशांतल्या दवाखान्यांत मोठा अभ्यास झाला. आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. १ किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं घेतली होती. एका गटात जन्मल्यानंतर लगेच, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता, कांगारू सुरू केलं. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, कांगारूच्या गटातली १२ टक्के. म्हणजे मृत्यू जवळजवळ पाव हिश्शाने कमी. फरक इतका ठळक दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मल्याबरोबर कांगारू सुरू करण्याची शिफारस केली. त्या गटातल्या बाळांना दिवसाला सुमारे १७ तास छातीशी ठेवलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून १७ तास होत नाहीत. खाट लागते.

‘इन्फेक्शन होईल’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं आहे. एसएनसीयूत बाळांना गाठणारे क्लेबसिएलासारखे हट्टी जंतू बहुतेकदा दवाखान्याचेच असतात. ते आमच्या हातांवरून, नळांवरून, एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवल्याने पसरतात. आईच्या कातडीवरचे जंतू बाळाला लाभतातच. वर सांगितलेल्या अभ्यासातही जंतुसंसर्ग आईजवळ असलेल्या बाळांमध्येच कमी होता. हात धुवायला शिकवलं की आई आमच्यापेक्षा जास्त मनापासून धुते.

आणि माणसं किती आहेत ते बघा. ३-४ बाळांमागे एक सिस्टर असा नियम आहे. रात्रपाळीला प्रत्यक्षात किती असतात ते मी सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला आग लागली, १० बाळं गेली, ७ वाचवता आली. त्यानंतर वायरिंग आणि फायर ऑडिटबद्दल खूप बोललं गेलं, ते व्हायलाच हवं होतं. आग आयांनी विझवली असती असं मी म्हणत नाही. पण आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या या कक्षांमध्ये रात्री दोन वाजता बाळाजवळ दमलेल्या एक-दोन सिस्टरांशिवाय कोणी नसतं, हे त्या बातम्या वाचताना मला सारखं टोचत होतं. कमी दिवसांचं बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं, निळं पडतं. छातीशी बाळ असलेल्या आईला ते मॉनिटर वाजायच्या आधी कळतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जागेची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यात नव्या एमसीएच विंग, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या इमारती, उभ्या राहताहेत, त्यांच्या नकाशातही बाळंतिणींचा वॉर्ड एका मजल्यावर आणि एसएनसीयू दुसऱ्या, हे का? लिफ्ट बंद असते त्या दिवशी सिझरची बाई जिना चढते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये आईवडिलांना बाळाच्या देखभालीत सामील करून घ्यायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२१ मध्ये सरकारी दवाखान्यांतल्या बालसेवांचा दर्जा सुधारण्यासाठी ‘मुस्कान’ उपक्रम आला. मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आपल्याच राज्यात इतक्या आधी आईच्या दुधाचं मोल ओळखलेली माणसं आहेत. तरी अजून दूध पाजणारीला बसायला जागा नाही.

जिल्हा नियोजन समितीत तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर त्यांना एवढंच मागायला सांगा: एसएनसीयूच्या प्रत्येक प्रस्तावात मशीनच्या यादीशेजारी आयांच्या खाटा, संडास-बाथरूम आणि बाळाचा डिस्चार्ज होईपर्यंत दोन वेळचं जेवण.

आणि ज्यांच्या घरी सध्या दिवस भरत आलेली लेक किंवा सून आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. बाळाला रेफर केलं तर आईला सोबत नेता येईल का हे डॉक्टरांना लगेच विचारा. नेता येत नसेल तर तिला पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढायला लावा. दवाखान्यात पोचल्यावर ‘कांगारू कधी सुरू करणार?’ असं स्वतःहून विचारा. आई यायच्या आत बापानेही बाळ छातीशी घेतलं तर चालतं, शर्ट काढून, वरून शाल पांघरून. लाजू नका. आम्ही सिस्टर तुम्हाला बांधून देऊ.