मागचा स्क्रू जरा सैल होता

सध्या माझ्या गाडीचं सस्पेन्शन ज्यांनी सेट केलंय, त्या माणसाचा गाड्यांशी काडीचा संबंध नाही. शेजारचे काका. मागच्या दोनपैकी एका चाकाचा शॉकअप त्यांनी कडक केलाय. किती कडक, ते त्यांना आठवत नाही. कोणत्या चाकाचा, याबद्दल त्यांची स्वतःचीच दोन मतं आहेत.

पूर्वपीठिका आटोपतो. कंपनीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप काढून मी कॉइलओव्हर बसवले. यात स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच चढवलेली असते, बाहेरून आटे असतात, खालची कॉलर फिरवून गाडी वरखाली करायची आणि दांड्याच्या टोकाचं बटन फिरवून शॉकअप सैल-कडक करायचा. माझ्या संचाच्या बटनाला 32 खटके आहेत, म्हणजे सैल ते कडक अशा 32 पायऱ्या. डब्यावर ठळक छापलंय: रस्ता आणि (शर्यतीचा) ट्रॅक, दोन्हींसाठी. या 'दोन्हीं'वर नंतर बोलू.

मी पुढच्या चाकाशी गुडघे टेकून कॉलर फिरवायचा आकडी पाना कुठे अडकतो ते चाचपडत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय रे, बसली वाटतं गाडी?"

"बसली नाही काका, मी बसवली."

"पैसे देऊन?"

"हो."

"आमच्याकडे अशी खाली बसली की तक्रार यायची."

काकांची हयात लिफ्टच्या देखभालीत गेली. जगातल्या कुठल्याही यंत्राकडे ते, हे अडकलं तर आत कोण असेल, याच नजरेने पाहतात. लिफ्टच्या खड्ड्यात तळाशी बफर असतो, काही ठिकाणी चक्क जाडजूड स्प्रिंगाच. त्यामुळे स्प्रिंग या विषयावर आपला शब्द शेवटचा, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

"कितीची आहे ही?"

"6 किलोची. म्हणजे 1 मिलिमीटर दाबायला 6 किलो लागतात."

हे मी सांगायला नको होतं असं नाही, पण काकांचे डोळे जे लकाकले ते पाहून पोटात गोळा आला. "माझं वजन 72," ते म्हणाले. "म्हणजे मी बसलो की गाडी 12 मिलिमीटर खाली."

"तसं नसतं काका. वजन चार चाकांवर वाटलं जातं."

"मग एका कोपऱ्यात बसतो."

आणि बसलेसुद्धा! मागच्या सीटवर, दाराला खेटून, क्ष-किरण काढायला उभं राहतात तसा श्वास रोखून. मला फर्मान सुटलं, टेप लाव. मी मुकाट्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. (जमिनीपासून मोजायचं नाही, टायरमधली हवा कमीजास्त असली की सगळे आकडे खोटे पडतात. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी चारही टायरची हवा तपासायला लावली असती.)

"किती?"

"4."

"आणि यायला हवे होते 12. मग 8 गेले कुठे?"

हा प्रश्न त्यांनी असा विचारला, जणू ते 8 मिलिमीटर माझ्या खिशात होते. मी म्हटलं, थोडं वजन बाकीच्या चाकांवर गेलं. नवीन शॉकअपची सीलं घट्ट असतात, त्यामुळे गाडी पूर्ण दबली नसेल. शिवाय स्प्रिंग चाकापासून आतल्या बाजूला बसते, त्यामुळे स्प्रिंग दबते त्यापेक्षा चाक जास्तच हलतं.

"जास्त हलतं?"

"हो."

"मग 12 पेक्षा जास्त यायला हवं होतं."

मी गप्प. काका सावकाश उतरले, दार लावलं, आणि गाडीकडे पाहत म्हणाले, "असा हिशोब लागेना की आम्ही लिफ्ट बंद ठेवायचो."

वास्तविक त्यांनी इथे थांबायला हवं होतं. पण डिकी उघडी होती, आतलं अस्तर काढलेलं होतं आणि मागच्या शॉकअपची दोन्ही बटनं उघडी दिसत होती.

"हे काय?"

"याने शॉकअप मऊ-कडक होतो. ट्रॅकवर कडक, रोजच्या रस्त्यावर मऊ."

"मऊ केलं की आधी होती तेवढी मऊ होते?"

आता खरं सांगतो, इतका नेमका प्रश्न मला हा संच विकणाऱ्यानेही विचारू दिला नव्हता. उत्तर आहे, नाही. बटन फिरतं ते शॉकअपच्या आतल्या तेलाच्या वाटेसाठी. स्प्रिंग 6 किलोची ती 6 चीच राहते, बटन कुठेही असो. मूळची स्प्रिंग याच्या निम्मी होती. स्प्रिंग दुप्पट कडक केली की गाडीची वरखाली होण्याची गती 1.41 पट होते, हे कुठल्याही बटनाने बदलत नाही. उलट कडक स्प्रिंगेवर शॉकअप अगदी सैल सोडला तर गाडी मऊ होत नाहीच, ती खड्डा संपून गेल्यावरही डोलत राहते. म्हणजे रस्त्यासाठीची 'मऊ' बाजू रस्त्यासाठी नाही, आणि पार आवळलेल्या टोकाला उंचसखल रस्त्यावर टायर जमिनीला धड चिकटून राहत नाही. कामाची जागा मधेच कुठेतरी. मग 32 कशाला? डब्यावर छापायला!

त्यातही सगळे खटके सारखे नसतात. आत एक निमुळती सुई असते, ती तेलाचं भोक झाकते. भोक जवळजवळ बंद होत आलं की एकेका खटक्याने फरक पडतो. उघड्या टोकाला पाच-सहा फिरवले तरी बुडाला पत्ता लागत नाही. तरी एक खटका फिरवून चक्कर मारून आल्यावर 'अहाहा, गाडी बदलली' म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्याच जमातीतले काही जण मडगार्डखाली बोटं घालून 'अजून बोटभर जागा आहे, आणखी खाली घे' असंही सुचवतात. त्यांना कोणी सांगावं, की मॅक्फर्सन प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये (बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना असतं ते) गाडी फार खाली घेतली की चाक गाडीला जोडणारे खालचे आर्म बाहेरच्या बाजूला वर चढतात, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातो, आणि वळणात गाडी कमी झुकण्याऐवजी जास्त झुकायला बघते. दिसते मात्र छान. फोटोत गाडी कुठे वळते?

असो. काकांना मी एवढंच म्हटलं, "नाही, आधीसारखी नाही होत."

"मग मधोमध ठेव की. 16."

चीड याची की सूचनापत्रातही तेच लिहिलंय.

चारही चाकं पूर्ण कडक करून, तिथून उलटे खटके मोजत मी 16 वर आणली. मोजायची रीत अशीच, बंद टोकाकडून. अधेमधे मोजायला घेतलं की कुठे होतो ते कळत नाही. मग पाने आणि जॅक घरात ठेवायला गेलो. येऊन डिकीचं अस्तर लावलं, प्लास्टिकच्या क्लिपा ठोकल्या. त्यातल्या काही तुटल्या. त्या तुटतातच. काढताना वाचल्या तर लावताना तुटतात.

आज सकाळी काका जिन्यात भेटले. प्रसन्न मुद्रा.

"काल तू आत गेलास ना, तेव्हा मागचा एक स्क्रू जरा सैल वाटला. घट्ट करून टाकला."

"कोणता?"

"डावा."

"गाडीचा डावा की डिकीसमोर उभं राहून तुमचा डावा?"

काकांनी विचार केला. मला कळतंय, मागून पाहिलं की दोन्ही डावे एकच होतात, पण त्या क्षणी मलाही ते सुचलं नाही. काका म्हणाले, "नाही, मी वाकून आत डोकं घातलं होतं, मग पाठ वळवून हात मागे नेला. तेव्हा उजवा असेल."

"किती फिरवला?"

"फिरत होता तोवर."

आता गाडी वळणात एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागते. किंवा वागत नसेल, मलाच तसं वाटत असेल; मघाशी ज्यांना हसलो त्या जमातीत मला काकांनी नेऊन बसवलंय. उपाय सोपा आहे, बटन बंद करून पुन्हा 16 मोजायचे. त्यासाठी डिकी रिकामी करायची, अस्तर काढायचं, उरलेल्या क्लिपा तोडायच्या. म्हणजे रस्त्यावरून ट्रॅकवर जाताना 'नुसतं बटन फिरवा' म्हणणाऱ्यांनी ते बटन कुठे असतं हे सांगितलंच नाही. चित्रात चार बोटांचा स्वच्छ हात बटन फिरवतोय, मागे गाडीच नाही!

बाहेरून फिरवायची लांब केबल मिळते म्हणे. संचात नसते, वेगळी घ्यायची. आणि ती बाहेर काढायला अस्तराला भोक पाडायचं, असं सूचनापत्राच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.